मिसरचे दोन सुकाळ : राष्ट्रीय कर्जाची कारणे आणि उपाय

सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, जो सर्व विश्वाचा पालनकर्ता आहे. दुरूद व सलाम असो त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर.



प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या नमाजमध्ये पापापासून आणि कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. आपण कर्जापासून इतक्या वेळा आश्रय का मागता, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, माणूस कर्जात बुडाला म्हणजे बोलताना खोटे बोलू लागतो आणि दिलेले वचन मोडू लागतो. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे.

ही शिकवण आपण बहुधा घरातील कर्जापुरती समजतो. ती राष्ट्राला लावून पाहा. कर्जबाजारी झालेले शासनही प्रथम हिशोब लपविते, मग प्रजेला दिलेली वचने मोडते, आणि शेवटी आपले निर्णय घेण्याचा अधिकारच गमावून बसते. फरक एवढाच की, माणसाच्या कर्जाचे ओझे त्याच्या घरावर पडते. राष्ट्राच्या कर्जाचे ओझे मात्र ज्यांनी ते कधी काढलेच नाही अशा कोट्यवधी लोकांवर आणि अजून जन्मालाही न आलेल्या मुलांवर पडते.

हे संकट येते कोठून? दुष्काळ, युद्ध, महागाई ही कारणे आपल्याला लगेच सुचतात. ती खरीही आहेत. परंतु पवित्र कुरआन आपले लक्ष त्याआधीच्या काळाकडे वेधतो. संकटाचे बीज बहुधा सुकाळात पेरले जाते. मिसर (इजिप्त) या एकाच देशाचे दोन सुकाळ आपण समोर ठेवले, तर ही गोष्ट स्पष्ट होईल.

पहिला सुकाळ

पहिला सुकाळ हजरत यूसुफ (अ.) यांच्या काळातील आहे. राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना त्यांनी केवळ भविष्य सांगितले नाही, तर योजनाही दिली. सूरह यूसुफच्या ४७ व ४८ व्या आयतींचा भावार्थ असा की, सात वर्षे नेटाने शेती करावी, खाण्यापुरते थोडे धान्य काढावे आणि उरलेले कणसातच राखून ठेवावे; कारण पुढे येणारी सात कठीण वर्षे तो साठा खाऊन टाकतील.

धान्य भरपूर होते, तेव्हाच हात आखडता घेण्याचा हा आदेश होता. पुढे ५५ व्या आयतीत देशाच्या कोठारांची जबाबदारी स्वीकारताना त्यांनी आपले दोन गुण सांगितले : मी रक्षण करणारा आहे आणि जाणकार आहे. सार्वजनिक धन हाती घेणाऱ्यात हे दोन्ही गुण एकत्र हवेत. प्रामाणिकपणा आहे पण जाण नाही, तर कोठार अज्ञानाने रिकामे होते. जाण आहे पण प्रामाणिकपणा नाही, तर ते चतुराईने रिकामे होते.

दुसरा सुकाळ

आता त्याच देशाचा दुसरा सुकाळ पाहू. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तेथून मिळणारा कापूस थांबला. त्या वर्षांत वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबई बंदरात सोन्याचा भाव आला. नाईल नदीच्या खोऱ्यातील कापसाचेही तसेच झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत भागभांडवलाच्या जुगारात कित्येक घराणी धुळीस मिळाली. मिसरमध्ये मात्र एक संपूर्ण राष्ट्र त्या वाटेला लागले.

१८६३ पासून तेथे इस्माईल पाशांची सत्ता होती. न्यायाने सांगायचे तर त्यांनी सर्वच पैसा उडविला नाही. त्यांनी कालवे खणले, लोहमार्ग टाकले, शाळा उघडल्या. पण कापसाचे चढे भाव कायमचे आहेत असे समजून खर्चाची घडी बसली, आणि भाव उतरल्यावर ती मोडण्याची तयारी कोणाची नव्हती. तूट भरण्यासाठी युरोपच्या सावकारांकडे धाव घेण्यात आली. १८६९ मध्ये सुएझ कालव्याचे उद्घाटन युरोपच्या राजघराण्यांतील पाहुण्यांच्या साक्षीने, डोळे दिपविणाऱ्या थाटात झाले. एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे, असे चक्र सुरू झाले.

त्या कर्जाचे स्वरूपही लक्षात घ्या. १८७३ मध्ये ३ कोटी २० लाख पौंडांचे कर्ज कागदावर लिहिले गेले. कसर व दलाली वजा जाता हाती आले सुमारे २ कोटी. व्याज मात्र कागदावरील पूर्ण रकमेवर! १८७६ पर्यंत देशाचे एकूण कर्ज सुमारे ९ कोटी पौंडांवर गेले.

१८७५ मध्ये सुएझ कालव्यातील मिसरचा हिस्सा इंग्लंडला सुमारे ४० लाख पौंडांना विकावा लागला. तो कालवा खणताना मिसरच्या शेतकऱ्यांनी वेठबिगारीने घाम गाळला होता. १८७६ मध्ये सावकारांच्या प्रतिनिधींचे मंडळ कैरोत येऊन बसले आणि देशाच्या जमाखर्चावर इंग्रज व फ्रेंच नियंत्रक नेमले गेले. १८७९ मध्ये इस्माईल पाशा पदच्युत झाले. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने महसुलाचा जवळजवळ निम्मा भाग कर्जासाठी बाजूला निघू लागला. या परवशतेविरुद्ध अहमद उराबी पाशा उभे राहिले, तेव्हा १८८२ मध्ये इंग्रज फौजा देशात उतरल्या. शेवटचा इंग्रज सैनिक तेथून निघाला तो १९५६ मध्ये.

बंधू-भगिनींनो, या हकिकतीतील सर्वांत वेदनादायक वर्ष मात्र वेगळेच आहे. १८७७ मध्ये नाईलला पूर कमी आला आणि वरच्या मिसरमध्ये दुष्काळ पडला. लोक उपासमारीने मरत असताना १८७८ च्या मे महिन्यातील व्याजाचा हप्ता पुरता फेडण्यात आला. त्यासाठी शेतकऱ्यांकडून कर सक्तीने वसूल केला गेला. ज्या भूमीत एका प्रेषिताने दुष्काळासाठी धान्य राखून ठेवले होते, त्याच भूमीत दुष्काळग्रस्तांच्या तोंडचा घास व्याजासाठी काढून घेतला गेला.

व्याज आकाशाकडे पाहत नाही

अल्लाहने व्याज हराम का ठरविले, हे समजण्यासाठी तो एक हप्ता पुरेसा आहे. व्यापारात भागीदार होणाऱ्याला पाऊस पडला की नफा आणि न पडला की तोटा सोसावा लागतो. म्हणून तो पैसा कोठे जातो हे डोळ्यांत तेल घालून पाहतो. व्याज घेणारा पाऊस पाहत नाही, पूर पाहत नाही, मूल उपाशी आहे हे पाहत नाही. सूरह अल-बकराच्या २७५ व्या आयतीत अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले, त्यात हा भेद आहे.

परंतु सर्व दोष सावकारावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. घेणाऱ्याचा हात पुढे झाल्याशिवाय देणाऱ्याचा फास बसत नाही. सूरह बनी इस्राईलच्या २७ व्या आयतीत उधळ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. आणखी एक गोष्ट आपण खाली मान घालून कबूल केली पाहिजे. उस्मानी सल्तनतीने १८५४ मध्ये परकीय कर्ज घेण्यास सुरुवात केली आणि १८८१ मध्ये मीठ, तंबाखू, रेशीम यांचा महसूल सावकारांच्या संस्थेकडे सोपविला. आजही अनेक मुस्लिमबहुल देशांची शासने व्याजी कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेली आहेत. ओठांवर कलमा असणे पुरेसे नाही; हिशोबातही तो उतरला पाहिजे.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. पराभवानंतर उराबी पाशांना ज्या बेटावर हद्दपार केले गेले, ते सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. १२ एप्रिल २०२२ रोजी तेथील शासनाने परकीय कर्जाची परतफेड थांबविल्याचे जाहीर केले. तेथेही आधी कर्जावर प्रकल्प उभे राहिले होते. २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला गेला आणि त्याचे स्वागतही झाले. मग महामारीने पर्यटन थांबविले, तर २०२१ मधील रासायनिक खतांच्या आयातबंदीने शेतीचे उत्पन्न घटविले. पेट्रोल आणि गॅससाठी रांगा लागल्या, औषधे मिळेनात, कागदाअभावी शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कर्जाच्या करारावर त्या मुलांची सही नव्हती.

उपाय कोणते?

पहिला उपाय लेखी आणि उघड हिशोबाचा. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, अल-बकराची २८२ वी, कर्जाच्या व्यवहाराविषयी आहे. मुदत ठरवावी, न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आदेश आहे. दोन व्यक्तींच्या देण्याघेण्याबाबत एवढी दक्षता असेल, तर संपूर्ण राष्ट्राच्या नावावर काढलेले कर्ज जनतेपासून लपविणे किती मोठा अपराध ठरेल!

दुसरा उपाय, काटकसरीची सुरुवात वरून व्हावी. हिजरी १८ मधील दुष्काळात हजरत उमर (र.) यांनी प्रजेला तूप मिळत नाही तोवर स्वतः तूप खाण्याचे सोडले, बाहेरच्या प्रांतांतून धान्य मागविले आणि पीडितांची जकात वसुली पुढे ढकलली. १८७८ च्या त्या हप्त्याशी याची तुलना करा. राज्यकर्त्याच्या ताटातील कपात आधी दिसली, तरच प्रजा आपल्या ताटातील कपात सोसते.

तिसरा उपाय, देणेकऱ्याला सवलत. अल-बकराच्या २८० व्या आयतीनुसार कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सुस्थिती येईपर्यंत मुदत द्यावी, आणि माफ करणे अधिक चांगले. मदीनेच्या मशिदीत हजरत कअब बिन मालिक (र.) आपल्या कर्जदाराकडे तगादा लावीत होते आणि आवाज चढले. प्रेषितांनी (स.) हुजऱ्याचा पडदा बाजूला केला आणि कअब (र.) यांना हाताने खूण केली : निम्मे सोडून दे. त्यांनी तत्काळ मान्य केले. मग कर्जदाराला आज्ञा झाली : ऊठ, आता उरलेले फेड. पाहा, धनकोला औदार्य शिकविले आणि ऋणकोला जबाबदारी. या दोहोंपैकी एक जरी सुटले तरी तोडगा लंगडा पडतो.

हे मोठमोठ्या राष्ट्रांना जमणार नाही असे कोणी म्हणेल. पण १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे जवळजवळ निम्मे कर्ज धनको देशांनी सोडले, आणि तो देश पुन्हा उभा राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये सोमालियालाही सुमारे साडेचार अब्ज डॉलरची कर्जमाफी मिळाली. त्यासाठी त्याला अनेक वर्षे आपल्या कारभारात सुधारणा कराव्या लागल्या होत्या. जगाने माफीचे हे दार नेहमी उशिरा आणि कंजूषपणे उघडले, हीच खरी तक्रार आहे.

आपला वाटा

प्रिय वाचकहो, अर्थमंत्री आपल्यापैकी कोणी नाही, मग हे सर्व आपण का वाचावे? कारण राष्ट्राच्या सवयी घराघरांतून तयार होतात. चार लोकांत नाव व्हावे म्हणून लग्नात व्याजी कर्ज काढणारा बाप आणि पाहुण्यांसाठी कर्ज काढून उत्सव करणारा राजा, यांच्यात रकमेचा फरक आहे, वृत्तीचा नाही. कर चुकवायचा आणि सवलती मात्र सर्व हव्यात, असे म्हणणारी प्रजा आपल्या शासनाला सावकाराच्या दारात उभे करते.

म्हणून आजपासून तीन गोष्टी करू या. घरातील प्रत्येक देणे लिहून ठेवू आणि ते पत्नी व मोठ्या मुलांना माहीत असू देऊ. बरकतीच्या महिन्यात कठीण महिन्यासाठी थोडे कणसातच राखून ठेवू. आणि आपल्या मोहल्ल्यात व्याजाच्या विळख्यात सापडलेला एखादा प्रामाणिक माणूस शोधून त्याची सुटका करू. सूरह अत-तौबाच्या ६० व्या आयतीत जकातच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेल्यांचाही हक्क सांगितला आहे. मत मागायला येणाऱ्याला काय फुकट देणार हे विचारण्याऐवजी, ते कोठून आणणार आणि कोण फेडणार, हे विचारू.

प्रेषित (स.) सुरुवातीला, कर्ज मागे ठेवून गेलेल्या आणि फेडीची सोय नसलेल्या व्यक्तीच्या जनाजाची नमाज स्वतः पढवीत नसत. पुढे अल्लाहने समृद्धी दिली तेव्हा त्यांनी जाहीर केले की, फेडीची सोय न ठेवता मरण पावलेल्या मोमिनाचे कर्ज आपण फेडू, आणि त्याची मालमत्ता त्याच्या वारसांची राहील. समृद्धी आली ती दुर्बलांचे ओझे उचलण्यासाठी. सुकाळाचा हाच खरा उपयोग आहे, आणि त्याविषयी आखिरतमध्ये प्रश्न विचारला जाणार आहे.

हे अल्लाह! आम्हाला पापापासून आणि कर्जाच्या ओझ्यापासून दूर ठेव. आमच्या कोठारांवर रक्षण करणारे आणि जाणकार लोक नेम. आमच्या लेकरांवर आमच्या उधळपट्टीचे ओझे टाकू नकोस, आणि जे आज कर्जाखाली दबलेले आहेत त्यांच्यासाठी सुटकेचा मार्ग काढ. आमीन.