सक्तीचे शस्त्र आणि स्वेच्छेचा स्वधर्म
(विजयादशमीनिमित्त श्रींच्या सभामंडपात केलेले निरूपण)



विजयादशमीच्या प्रातःकाळी आपण घरोघरी शस्त्रपूजन करतो. आता आपल्या घरांत तलवारी उरलेल्या नाहीत. कोयता, विळी, कुऱ्हाड, फार तर पणजोबांच्या काळची एखादी गंजलेली कट्यार, एवढ्यांवरच हळदकुंकू वाहून आपण तो विधी पार पाडतो. सायंकाळी तरंगे निघतात, सीमोल्लंघन होते आणि आपट्याची पाने सोने म्हणून एकमेकांच्या हाती दिली जातात. यंदा हा सोहळा आटोपल्यावर सभामंडपात बसलेल्या मंडळींमध्ये एक विषय निघाला. एक वृद्ध महाजन म्हणाले, ‘‘आजच्या मुलांना शिस्त नाही, देशाची चाड नाही. प्रत्येक तरुणास दोन वर्षे सक्तीने सैन्यात धाडण्याचा कायदा झाला पाहिजे.’’ पुष्कळांनी माना डोलावल्या. तेव्हा खांबाशी बसलेल्या एका मातेने हळूच विचारले, ‘‘आणि काका, ज्याच्या हातून मुंगीही मारवत नाही, त्या मुलाने काय करावे?’’ यावर कोणी काही बोलेना. शेवटी वडील आमच्याकडे पाहून म्हणाले, ‘‘पोथी पाहा आणि याचे उत्तर तू सांग.’’ त्या आज्ञेवरून हे चार शब्द.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही अद्याप पंचविशीच्या आतले आहोत. असा कायदा उद्या झालाच, तर ज्या घरी पहिली पत्रे येतील त्यांत आमचेही घर असेल. तेव्हा दुसऱ्याच्या मुलाला रणावर धाडून आपण गाभाऱ्यात सुखरूप राहण्याची आमची बुद्धी नाही. पुजाऱ्याच्या मुलास सवलत असावी, असेही आम्ही म्हणणार नाही. द्रोण, कृप आणि अश्वत्थामा हे तिघेही ब्राह्मण. पण रणात उतरताना त्यांनी यज्ञोपवीताचा आडोसा घेतला नाही. इस्रायलमध्ये धर्मग्रंथांचे अध्ययन करणाऱ्या तरुणांना अनेक दशके सैनिकी सेवेतून मोकळीक मिळत असे; तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली निर्णय दिला की, त्यांनाही भरतीतून वगळण्यास कायद्याचा आधार नाही. ज्या समाजात काहींचे पुत्र मरतात आणि काहींचे पुत्र पाठ म्हणतात, त्या समाजात कलह माजल्यावाचून राहत नाही.

आता काकांचा पक्ष प्रथम न्यायाने ऐकू. त्यांचे म्हणणे पोकळ नाही. आपल्या देशात सक्तीची सैन्यभरती नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक सक्तीवाचून उभे राहिले. घाटापलीकडे बेळगावास मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. तेथे शपथ घेणारा प्रत्येक जवान स्वतःहून आलेला असतो. पण ‘स्वतःहून’ या शब्दात किती भूक, किती कर्ज आणि किती नापीक जमीन दडलेली असते, याचाही विचार केला पाहिजे. युद्धारंभी युधिष्ठिर कवच उतरवून पायी पितामह भीष्मांच्या आशीर्वादास गेला, तेव्हा त्या महापुरुषानेही खाली मान घालून कबूल केले की, कौरवांच्या अन्नाने व अर्थाने आपण बांधले गेलो आहोत. भीष्मांची ही गत, तर गरिबाच्या मुलाची काय कथा? म्हणून काका म्हणतात की, भार सर्वांवर सारखा पडू द्या. धनिकाचा मुलगाही खंदकात उतरू द्या. हे म्हणणे धर्माला धरून आहे. १८६३ साली अमेरिकेत सक्तीची भरती झाली, तेव्हा ३०० डॉलर भरणारास सुटका मिळे. त्यामुळे त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरात मोठा दंगा उसळला. विषमतेची सक्ती ही सक्तीहूनही वाईट.

परंतु आता मातेचा प्रश्न घेऊ, आणि तो घेऊन थेट कुरुक्षेत्रावर जाऊ.

अर्जुनाने गांडीव खाली टाकले, ही गोष्ट आपण जन्मापासून ऐकत आलो. भगवंतांनी त्याची कानउघाडणी केली, त्यास दुर्बळ म्हटले, हेही खरे. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. सारथी होता प्रत्यक्ष परमेश्वर. ‘उचल धनुष्य’ एवढी आज्ञा पुरेशी होती. ती न करता त्यांनी अठरा अध्यायांचा उपदेश केला, प्रत्येक शंकेचे उत्तर दिले, विश्वरूप दाखविले, आणि सर्व सांगून झाल्यावर अखेरीस, या साऱ्याचा पूर्ण विचार करून तुला जे योग्य वाटेल ते कर, असा निर्णय त्या भक्तावरच सोपविला. तुझी प्रकृतीच तुला युद्धास लावील, असेही भगवंत म्हणाले. पण तो त्याच्या अंतरीच्या स्वभावाचा ओढा होय, बाहेरून उगारलेल्या दंडाचा नव्हे. परमेश्वराने जेथे आपले सामर्थ्य आवरले, तेथे राज्याने आपले सामर्थ्य वापरताना दहा वेळा थांबावे, हा यातील बोध आम्हांस दिसतो.

तसेच भीष्मांना वंदून परतल्यावर धर्मराजाने दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभे राहून पुकारा केला की, ज्याला आमची बाजू धरावयाची असेल त्याने यावे. ती हाक ऐकून धृतराष्ट्राचाच पुत्र युयुत्सू पलीकडून अलीकडे आला. आणि बलरामाने तर कोणाचीच बाजू घेतली नाही. तो सरस्वतीतीरी तीर्थयात्रेस निघून गेला. त्यास कोणी भ्याड म्हटल्याचे आम्हांस पोथीत आढळले नाही.

मात्र याच कथेत एक जागा अशी आहे की, तेथे आमचे मन दर वेळी अडखळते. दुर्योधन आणि अर्जुन साहाय्य मागण्यास द्वारकेस गेले, तेव्हा एका बाजूस निःशस्त्र श्रीकृष्ण आणि दुसऱ्या बाजूस त्यांची नारायणी सेना, अशी वाटणी झाली. अर्जुनाने श्रीकृष्णांस मागितले, सेना दुर्योधनास मिळाली. ते गोपवीर कौरवांच्या बाजूने लढले. त्यांना कोणी विचारले होते काय? कथा येथे मौन पाळते. वडिलांस आम्ही हा प्रश्न केला, तेव्हा तेही बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘ज्यांना विचारले जात नाही, त्यांची नावे पोथीत येत नाहीत.’’ सक्तीच्या भरतीचे याहून नेमके वर्णन आम्हांस सापडत नाही.

अशा न विचारलेल्या सैनिकांचे एक उदाहरण आपल्याच गोमंतकात घडले आहे. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सेना गोव्यात आली, तेव्हा येथे पोर्तुगालचे तीन हजारांहून अधिक सैनिक होते. त्यांतील पुष्कळ जण सक्तीच्या सेवेखाली आणलेली शेतकऱ्या-मजुरांची मुले होती. लिस्बनहून सालाझार यांची आज्ञा आली होती की, शरण जावयाचे नाही. सैनिक एक तर विजयी व्हावेत, नाही तर मरावेत. जी भूमी त्यांची नव्हे, जी भाषा त्यांना कळत नव्हती, तिच्यासाठी मरण्याची ही आज्ञा हजारो कोस दूर बसलेल्या एका मनुष्याने त्या मुलांना दिली. गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा यांनी ती मानली नाही. १९ डिसेंबर रोजी ते शरण आले आणि त्या मुलांचे प्राण वाचले. याचे प्रायश्चित्त त्यांस भोगावे लागले. त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले, आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा दर्जा त्यांना परत मिळाला.

आमचे आजोबा त्या वेळी शाळकरी वयाचे होते. फोंड्यास युद्धकैद्यांची छावणी होती. ते सांगतात की, तारेच्या कुंपणापलीकडे बसलेली ती गोरी, नुकती मिसरूड फुटलेली पोरे पाहून त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या पणजीने, पदर तोंडाशी धरला आणि म्हटले, ‘‘यांच्या आयांना कळले असेल का हो, ही जिवंत आहेत म्हणून?’’ साडेचारशे वर्षांच्या परकी सत्तेविषयी तिच्या मनात प्रेम नव्हते. पण सत्ता वेगळी आणि तिने पाठविलेली पोरे वेगळी, हे त्या निरक्षर बाईस कळले. १९६२ च्या मे महिन्यात ते कैदी मायदेशी परतले. पुढे पोर्तुगालने अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथील युद्धांसाठी तरुणांची सक्तीची भरती चालूच ठेवली. हजारो मुले देश सोडून पळाली, आणि अखेरीस २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्यातील अधिकाऱ्यांनीच ती राजवट उलथून पाडली. दंडाच्या बळावर उभे केलेले सैन्य एके दिवशी दंड धरणाराकडेच वळले.

येथे कोणी म्हणेल की, ते अन्यायाचे युद्ध होते. न्यायाच्या युद्धात सक्ती का नसावी? घराला आग लागली असता, ज्याची इच्छा असेल त्याने पाणी आणावे, असे म्हणून भागत नाही. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आपल्या संविधानाच्या २३ व्या कलमातही सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा घेता येते. मात्र धर्म, वंश, जात वा वर्ग एवढ्याच कारणावरून भेद करता येत नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ साली, महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली होती. १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. म्हणजे सक्तीची वाट आपण पाहिलेलीच नाही असे नाही. संकटात तीवर पाऊल टाकले आणि संकट ओसरल्यावर मागे घेतले.

तेव्हा आमचा निर्णय असा. सेवा सक्तीची होऊ शकेल. शस्त्र सक्तीचे होऊ नये. देशावर खरे संकट आले असता राज्याने प्रत्येक घराकडून एक जोडी हात मागावेत. श्रीमंत-गरीब, पुजारी-यजमान असा भेद करू नये. परंतु त्या हातांत बंदूक असावी की जखमी माणसाची खाट, हे त्या हाताच्या धन्याच्या अंतःकरणाने ठरवावे. ही केवळ कल्पना नव्हे. जर्मनीने १९४९ च्या आपल्या मूलभूत कायद्यात लिहून ठेवले की, सदसद्विवेकाविरुद्ध कोणाकडूनही सशस्त्र युद्धसेवा घेता येणार नाही. २०११ साली तेथील सक्ती स्थगित झाली. तोपर्यंत असे नकार देणारे तरुण रुग्णालयांत आणि वृद्धांच्या सेवेत आपला काळ घालवीत. स्वित्झर्लंडनेही १९९६ पासून अशी नागरी सेवा मान्य केली आहे.

मग विवेक कोणता आणि भ्याडपणा कोणता, हे कसे ओळखावे? त्याची कसोटी पुन्हा अर्जुनाकडेच आहे. शस्त्र टाकताना त्याने सुख मागितले नाही. भीक मागून जगेन, निःशस्त्र असता मला मारले तरी चालेल, असे तो म्हणाला. जो नकाराची किंमत स्वतः मोजण्यास सिद्ध आहे, त्याचा नकार ऐकण्याजोगा. ज्याला केवळ झोप आणि आराम मोडावयाचा नाही, त्याचा नकार हा विवेक नव्हे. म्हणून दुसरी सेवा शस्त्रसेवेइतकीच कठीण असावी, म्हणजे पारख आपोआप होईल. ज्याच्या हातून मुंगीही मारवत नाही, त्या मुलाने पुरात, साथीत, रणांगणामागील इस्पितळात उभे राहावे. त्याची आई तेथेही त्याची वाट पाहील, आणि त्या वाट पाहण्यात कमीपणा नसेल.

आणि काकांस आमची नम्र विनंती अशी की, शिस्तीसाठी मात्र सैन्य मागू नये. रण हे मुलांना वळण लावण्याचे ठिकाण नव्हे. ते वळण घराने, शाळेने आणि या देवळाने लावावयाचे. आपण पालखीस खांदा देण्यास मुलाला हाक मारतो, तो येत नाही, आणि आपण म्हणतो की सरकारने त्यास धरून न्यावे. यात दोष कोणाचा?

आम्ही स्वतः काय करणार, असे आपण विचाराल. ती हाक आली तर आम्ही जाऊ. शस्त्र धरवेल की नाही, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण जखमी माणूस उचलता येईल, एवढे निश्चित सांगतो. वडिलांस हे सांगितले, तेव्हा त्यांनी काही न बोलता आरतीचे तबक आमच्या हाती दिले.

आज आपल्यावर सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हणून ऋण नाही असे नव्हे. आपण निवांत सोने वाटतो त्या संध्याकाळी हिमाच्छादित ठाण्यांवर कोणाची तरी मुले उभी असतात. म्हणून एक सूचना करतो. पुढील विजयादशमीस श्रींच्या चरणी पान वाहिल्यानंतर आपट्याचे पहिले पान ज्या घरचा मुलगा सीमेवर आहे त्या घरच्या मातेच्या हाती द्यावे. आणि आपल्यातील प्रत्येक तरुणाने वर्षातून काही दिवस, कोणी न सांगता, कोणाच्या तरी कठीण कामास द्यावेत. स्वेच्छेने दिलेले ते दिवस हेच आपले खरे शस्त्रपूजन होय.

श्री आपणां सर्वांस सद्बुद्धी देवो आणि रणावर गेलेल्या प्रत्येक मुलास, मग तो कोणत्याही आईचा असो, घरी आणो.

इति शुभं भवतु.