साठवण आणि साचवण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या आठवड्याच्या चिंतनाचा विषय अगदी घरातला आहे. दसरा-दिवाळीची आवराआवर निघाली की आपल्या गटात दरवर्षी तोच प्रश्न येतो. सासूबाई काहीच टाकू देत नाहीत, काय करावं? कुठे सासरेबुवा, कुठे थोरले दीर, तर कुठे आपलीच आई. माळ्यावर मिठाईचे रिकामे डबे, बंद पडलेलं मिक्सर, दहा वर्षांचे पेपर, पिशव्यांनी भरलेली पिशवी. काही घरांत तर पलंगावर झोपायला जागा नाही, देवघरापर्यंत आडवं होऊन जावं लागतं. मग भांडण, मग अबोला. म्हणून आज आपण यावर शांतपणे विचार करू.

पहिली गोष्ट, साठवणं हे पाप नाही. आपण आदिलाबादकडची माणसं. भाव येईल म्हणून कापूस घरात ठेवतो, वर्षाची ज्वारी आणि तुरीची डाळ भरून ठेवतो, उन्हाळ्यात पापड-कुरड्या करतो. पण या प्रत्येक साठ्याला मुदत असते. कापूस मार्केट यार्डात जाणार, ज्वारी खाल्ली जाणार, पुढच्या वर्षी नवीन येणार. जे येतं आणि जातं ती साठवण. जे नुसतं येतं आणि जातच नाही ती साचवण. पाणी साठवलं तर प्यायला होतं, साचलं तर डास होतात. फरक एवढाच आहे.

माहूर हे आपलं, दत्तप्रभूंचं स्थान. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यात दोन गुरू याच विषयाचे आहेत. एक मधमाशी. ती थेंब थेंब मध गोळा करते, स्वतः खात नाही, आणि शेवटी पोळं दुसराच कुणी घेऊन जातो. दुसरा कुरर पक्षी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून बाकीचे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा सोडला आणि तो सुखी झाला.

यातलं एक बारीक आपण लक्षात घेत नाही. तुकडा कुररानं स्वतः सोडला, म्हणून त्याला शांती मिळाली. कुणी हिसकावला असता तर नुसती जखम झाली असती. आपल्या घरातला प्रश्न इथेच सुटतो किंवा इथेच बिघडतो.

आपण पटकन म्हणतो, म्हातारीला लोभ सुटत नाही. पण लोभी माणूस किमती वस्तू धरतो. इथे तर फुटकी बादली, वाळलेलं पेन, झाकण नसलेली बाटली धरलेली असते. हा लोभ कसा? वैद्यकशास्त्र आता याला आजार मानतं. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या आजारांच्या सूचीत याची वेगळी नोंद झाली, पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही ती केली. वस्तूची किंमत कितीही कमी असो, ती टाकायच्या नुसत्या विचाराने जीव कासावीस होतो, हे त्याचं मुख्य लक्षण. पुष्कळदा सुरुवात तरुणपणीच होते आणि वय वाढेल तसं वाढत जातं. घरात आधी कुणाला असेल तर पुढच्या पिढीतही दिसतं. एखादा मृत्यू, ताटातूट असा धक्का बसला की जोर धरतं.

आत नेमकं काय चालतं? तीन गोष्टी. एक भीती, उद्या लागलं तर? दुसरी आठवण, हा डबा यांनी आणला होता, तो टाकला तर ते पुन्हा एकदा जातील. तिसरं म्हणजे ठरवता न येणं. काय ठेवू, काय टाकू हे ठरेना म्हणून सगळंच ठेवलं. आपल्या थोरल्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलाय, त्यामुळे वस्तू जपायची सवय त्यांना आहेच. पण दुष्काळ पाहिलेला प्रत्येक जण असा होत नाही, आणि सुबत्तेतली माणसंही अशी होतात.

न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंची गोष्ट जगभर माहीत आहे. दोघं भाऊ, शिकलेले, चांगल्या घरातले. थोरला आंधळा झाला, धाकटा त्याची सेवा करायचा, आणि त्याला परत दिसू लागलं की वाचेल म्हणून पेपर ठेवून द्यायचा. १९४७ साली दोघंही त्या घरात मेलेले सापडले. धाकटा आपल्याच ढिगाखाली दबला होता, थोरला उपाशी गेला. घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं, त्यात चौदा पियानो होते. बघा, पेपर ठेवण्यामागे माया होती. माया होती म्हणून मोह कमी झाला नाही, उलट वाढला.

मग करायचं काय?

आई तीर्थाला गेली की मुलं खोली रिकामी करतात. हे करू नये. ती परत येते, रिकामी खोली बघते आणि तिची भीती खरी ठरते. विश्वास तुटतो आणि सहा महिन्यांत ढीग पुन्हा उभा राहतो. त्याऐवजी तिच्या शेजारी बसावं. एका वेळी एकच टोपली घ्यावी, निर्णय तिला करू द्यावा. टिंगल नको, "कचरा" हा शब्दही नको. आधी धोका तेवढा दूर करावा: गॅसजवळचे कागद, वायरींवरचे कपडे, अंधारात पाय अडकेल अशी वाट. एवढ्यानेही जमत नसेल तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावं. आदिलाबादच्या रिम्समध्ये चौकशी करावी. १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीत आणि तेलुगूतही. नाम घ्यावं आणि उपचारही घ्यावेत, एकाने दुसरं अडत नाही.

आणि एक युक्ती आपल्याच तेलंगणाने शिकवली आहे. १९५१ साली विनोबा वर्ध्याहून पायी हैदराबादकडे आले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. समोर उभे होते रामचंद्र रेड्डी. त्यांनी शंभर एकर दिली. सोडून दे म्हटलं की मूठ आवळते, याला दे म्हटलं आणि घेणारा समोर दिसला की मूठ उघडते. म्हणून "हे टाकू का?" असं विचारू नये. "हे कुणाच्या कामी येईल?" असं विचारावं. मात्र फाटकं-तुटकं देऊन त्याला दान म्हणू नये.

आता थोडं आपल्याकडे बघू. कपाट बंद होत नाही आणि नवीन साडीची ऑर्डर येतेच आहे. मोबाईल भरला तरी सुप्रभातचे फोटो पुसवत नाहीत! सासूबाईंची साचवण माळ्यावर दिसते, आपली इस्त्री करून ठेवलेली असते. आणि जुना राग, कुणी केलेला अपमान, तो तर वीस-वीस वर्षं आपण रोज पुसून जागेवर ठेवतो.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. जी घरातलं बाहेर काढते तिलाच आपल्या पूर्वजांनी लक्ष्मी म्हटलं. गाडगेबाबांनी तीच हातात धरली. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःजवळ गाडगं, खराटा अन् चिंध्यांची वस्त्रं एवढंच ठेवलं.

या आठवड्याचा संकल्प असा. रोज जप झाल्यावर घरातली एक वस्तू उचलावी आणि तिची मुदत विचारावी. शनिवारी घरातल्या थोरल्या माणसाजवळ बसावं, हातात पिशवी न घेता. फक्त विचारावं, "आई, हा डबा कुठून आला?" गोष्ट पूर्ण ऐकून घ्यावी. तिची गोष्ट कुणी जपून ठेवली आहे असं तिला वाटलं, तर डबा कदाचित तीच आपल्या हातात देईल.

श्रीगुरुचरणी अर्पण.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥