पाणी पडलं, पण पात्रातच पडलं



गुरुवारच्या सत्संगात एक आप्पा उठले. मुलानं धंद्यात पैसा घालवला, आठ महिने घरात लपवलं. तेव्हापासून आप्पा त्याच्याशी बोलत नाहीत. म्हणाले, "महाराज, घराण्याचं नाव खाली आणलं त्यानं."

महाराजांनी विचारलं, "आप्पा, गोकाकचा धबधबा पाहिलाय ना?"

बेळगावकडच्या माणसाला हे काय विचारायचं! पावसाळ्यात घोड्याच्या नालासारख्या त्या कड्यावरून घटप्रभेचं गढूळ, तांबूस पाणी 52 मीटर खाली कोसळतं. झुलत्या पुलावर उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. (मुलांना घेऊन जाल तर फोटोसाठी कड्याकडे सोडू नका. खडक निसरडा असतो.)

महाराज म्हणाले, "एवढ्या उंचावरून पडली, पण नदी फुटली का? नाही. कारण पाणी पडलं ते पात्रातच पडलं. खाली तिला झेलायला तिचंच पात्र होतं. घर म्हणजे ते पात्र. पोरगं पडायचंच असेल तर घरात पडू दे. बाहेर पडलं तर कोण झेलणार?

आणि कोसळतं पाणी लगेच निवळत नाही. खालच्या डोहात ते खवळलेलंच असतं, तिथं हात घालायला जाऊ नये. थोडं पुढं चालत जावं. तीच नदी पुढं शेतं भिजवत जाते, चिक्कसंगमाला कृष्णेला मिळते. कृष्णामाई विचारते का, तू गोकाकला किती खाली पडलीस म्हणून? 1880 च्या दशकात तिथं सूतगिरणी उभी राहिली, तीसुद्धा ह्याच पडण्याच्या जोरावर."

आप्पा जरा घुश्श्यातच म्हणाले, "म्हणजे सगळं माफ करायचं? पैसे कोण फेडणार?"

"देणं त्याचं, त्यानंच फेडायचं. मी देणं सोड म्हणत नाही, अबोला सोड म्हणतो. तू वाट बघतोयस त्यानं पाया पडायची. तो घाबरलाय रे. आज जेवताना नुसतं 'भाजी वाढू का' एवढं विचार."

खरं सांगायचं तर आमच्यापैकी कितीतरी जणांच्या माना खाली गेल्या. भावाशी, जावेशी, शेजाऱ्याशी, प्रत्येकाचा कुठं ना कुठं अबोला आहेच.

आप्पा पुढं काही बोलले नाहीत. आरती झाली. प्रसाद घेताना मात्र त्यांनी दोन पुड्या मागून घेतल्या.