मुक्या रोग्याचा चाकर



गेल्या उन्हाळ्यांत एक शेतमजूर बंधु आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बारावी उत्तीर्ण झालेला. गुरांच्या दवाखान्याचें शिक्षण घेऊन त्याच कामावर पोट भरावें, अशी त्याची इच्छा. बाप मात्र खिन्न होता. तो म्हणाला, "पाळकसाहेब, माझ्या आज्यानें गांवचीं मेलेलीं ढोरें ओढिलीं. त्या दोरींतून आम्ही सुटलों. आतां शिकलेल्या पोरानें पुन्हां ढोरांतच हात घालावा काय?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. त्याच्यामागें कित्येक पिढ्यांचा अपमान उभा आहे. म्हणून त्याचा शांतपणें विचार करूं.

पहिली गोष्ट ही कीं, नीचपणा कामांत होता, कीं सक्तींत? मेलेलें जनावर ओढणें हें काम गांवानें एका जातीच्या माथीं मारिलें होतें. नाहीं म्हणण्याची मुभा नव्हती, आणि कष्टाच्या मानानें मोबदला तुटपुंजा होता. वतनाच्या नांवानें घेतल्या जाणाऱ्या अशा राबणुकीविरुद्धच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत विधेयक मांडिलें. पुढें १९५८ च्या कायद्यानें तीं वतनें रद्द झालीं. जी दोरी तुटली ती सक्तीची होती. जनावराच्या अंगास हात लावणें हें तेव्हांही पाप नव्हतें व आजही नाहीं. आज पशुवैद्यकाच्या पदवीस साडेपांच वर्षें अभ्यास करावा लागतो, आणि मुंबईस परळ येथें १८८६ सालीं निघालेल्या विद्यालयांत सर्व जातींचीं मुलें-मुली तो करितात. पदवीखेरीज पशुधन पर्यवेक्षक, दवाखान्यांतील परिचर, कृत्रिम रेतन करणारे, गांवांतील शेळ्या-कोंबड्यांची निगा सांगणाऱ्या पशुसखी, असे पुष्कळ लोक ह्या कामावर घर चालवितात. आज्यावर जें लादिलें गेलें, आणि नातू जें निवडूं पाहतो, तीं दोन कामें एक नव्हेत.

दुसरी शंका सज्जन लोक काढितात. मुक्या जिवावर दया करावयाची, तर तिचे पैसे कशास घ्यावे? पगारासाठीं केलेली दया ती दया कसली? ह्या ठिकाणीं शुभवर्तमानांतील मोलकऱ्याचा दृष्टांत पुष्कळांस आठवतो. परंतु तो नीट वाचावा. त्या मोलकऱ्याचा दोष मोल घेण्यांत नाहीं; लांडगा दिसतांच मेंढरें टाकून पळण्यांत आहे. ज्याच्या चुलीवर भांडें चढत नाहीं, त्याच्यानें दुसऱ्याच्या गोठ्यांत रात्रभर जागवत नाहीं. पगार दयेचा शत्रु नव्हे. प्रामाणिकपणें घेतला तर तो तिचा आधार आहे.

मग खरी कसोटी कोठें लागते? माझ्या मतें ती अशी. माणूस रोगी असला तर आपलें दुःख सांगतो; औषध लागू पडलें नाहीं तर वैद्यास जाब विचारितो. गाय बोलत नाहीं. लाळ्या-खुरकुताच्या लसीचेंच उदाहरण घ्या. ती दोन ते आठ अंश इतक्या थंडाव्यांत ठेवावी लागते. तापली तर निकामी होते, आणि गोठतांही कामा नये. समजा, वाटेंत गाडी बिघडली, ऊन चढलें व पेटींतील बर्फ विरघळला. टोंचणाऱ्यानें तीच लस टोंचून वहींत आंकडा लिहिला, तर कोणास कळणार? गाईस कळत नाहीं, मालकास कळत नाहीं, साहेबासही कळत नाहीं. एकट्या टोंचणाऱ्यास ठाऊक असतें कीं, आपण रिकामी सुई टोंचली. पुढें सांथ आली म्हणजे आंचळें सुजतात, बैल पेरणीच्या ऐन वेळीं बसतो, आणि विधवेची एकुलती एक गाय आटते. तरी त्याचें नांव कोणी घेत नाहीं. जेथें साक्षी नाहीं तेथेंच मनुष्याचें शील उघडें पडतें, आणि ह्या धंद्यांत असा प्रसंग रोजचाच आहे.

उलट, अशा अनाम लोकांनीं मनापासून काम केलें म्हणजे काय घडतें, तेंही पाहा. बुळकांडीनें एके काळीं गोठेच्या गोठे ओस पडत. १९५४ सालीं देशांत तिच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. टोंचणारे लोक बर्फाच्या पेट्या घेऊन गांवोगांव फिरले. १९९५ नंतर तो रोग भारतांत आढळला नाहीं, आणि २०११ सालीं तो पृथ्वीवरूनच नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. मनुष्याच्या देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय. त्या पेट्या वाहणाऱ्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर नाहींत. परंतु त्यांपैकीं बहुतेकांनीं विरघळलेल्या बर्फाची लस टोंचली असती, तर आजही आपल्या दावणी ओस पडल्या असत्या.

हें सर्व मीं त्या बंधूंस सांगितलें. त्यांनीं त्या दिवशीं होकार दिला नाहीं. विचार करितों म्हणाले. तें योग्यच होतें, कारण ज्यानें अपमान सोसला त्यास घाई करावयास लावणें बरें नव्हे. मुलास मात्र मीं एवढेंच बजाविलें, "पेटींतला बर्फ विरघळलेला दिसला, तर लस परत नेण्याचें व साहेबाचे बोल खाण्याचें धैर्य तुझ्यांत आहे काय, तें आधीं पाहा. असेल, तर खुशाल जा."

सेवकबंधूंनो, आपल्या मंडळींतील जीं मुलें-मुली ह्या कामाकडे वळूं पाहतात, त्यांस हिणवूं नका. आणि नुसता पगाराचा आंकडाही सांगूं नका. हा प्रश्न त्यांच्यापुढें ठेवा.