शब्दाची शक्ती आणि परका शब्द

इंग्रजीतले भारदस्त शब्द पाठ करणाऱ्याच्या हाती सहसा एक यादी असते: डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. अर्थ पाठ झाला की शब्द कळला, असे त्यात गृहीत धरलेले असते. भारतीय दर्शनांनी ही गोष्ट इतकी सोपी मानली नाही. शब्द आणि अर्थ यांना जोडणाऱ्या संबंधाला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, ‘शक्ती’ म्हणतात आणि तो संबंध उमगण्याला ‘शक्तिग्रह’. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त त्याची आठ साधने सांगितली आहेत: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य (विश्वासू माणसाचे वचन), व्यवहार, वाक्यशेष (वाक्याचा उरलेला भाग), विवरण आणि ओळखीच्या शब्दांचे सान्निध्य. म्हणजे कोश हा आठांतला केवळ एक.

या सर्वांत व्यवहार मुख्य मानला जातो. मोठा माणूस ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा ती आणतो आणि मूल पाहत असते. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ कानावर पडते. कोणता शब्द बदलल्यावर नेमके काय बदलले, यावरून मूल एकेक अर्थ वेगळा करते. याला आवाप-उद्वाप म्हणतात. मुंबईच्या गिरणगावात, चिंचपोकळी-लालबागच्या कापडगिरण्यांत, इंग्रजी शब्द याच वाटेने शिरले. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या बदली कामगाराला ‘बॉबिन काढ’, ‘बॉबिन लाव’ एवढे ऐकून साच्यापाशीच, म्हणजे यंत्रापाशीच, शब्द मिळाला. त्यासाठी लिहिता-वाचता येण्याचीही गरज नव्हती.

अर्थ सुटा कळतो की वाक्यातून, यावर वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांत मोठा वाद आहे. कुमारिलांच्या मते शब्द आधी आपापला सुटा अर्थ सांगतात, मग ते अर्थ जुळून वाक्यार्थ होतो. प्रभाकरांच्या मते शब्द कळतो तोच वाक्यातल्या इतर शब्दांशी जोडलेला. यादी पाठ करणारा नकळत कुमारिलांचा अनुयायी असतो. कुमारिलांची बाजू कच्ची नाही, कारण ओळखीचे शब्द घेऊन कधी न ऐकलेले वाक्यही समजते. शिकण्यापुरते मात्र प्रभाकरांचे म्हणणे अधिक पटते.

समानार्थी शब्दांचा गुच्छ आला की यादीची खरी अडचण होते. ‘थ्रिफ्टी’, ‘फ्रूगल’, ‘पार्सिमोनियस’ आणि ‘स्टिंजी’ या चौघांपुढे ‘कमी खर्च करणारा’ लिहून भागत नाही. पहिल्याने माणूस सुखावेल, शेवटच्याने भांडायला उठेल. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागांचा अपोहवाद इथे उपयोगी पडतो. शब्द इतरांना वगळून आपला अर्थ दाखवतो, असे त्यांचे मत. काटकसरी कोण हे सांगताना कंजूष बाहेर ठेवावाच लागतो. ही वगळणी ज्याला जमत नाही, त्याचा शब्दसंग्रह नुसता लांबतो.

परभाषेतल्या शब्दाबद्दल तर मीमांसेने स्वतंत्र निवाडा दिला आहे. पिक, नेम, तामरस असे काही शब्द वेदात येतात, पण त्यांचा वापर आर्यांत नव्हे, म्लेच्छांत आढळतो. मग धातू शोधून अर्थ बसवावा, की म्लेच्छांना विचारावा? मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांनी कौल दिला तो वापरणाऱ्यांच्या बाजूने: पिक म्हणजे कोकीळ, नेम म्हणजे अर्धा, तामरस म्हणजे कमळ. वेदाच्या बाबतीत असा कौल देणे हे धाडसच होते. हाच न्याय लावला तर इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या वापरातून घ्यायचा, आणि तो शब्द गिरणगावात रुजला असेल तर गिरणगावाकडून. इंग्रजी कोशातला ‘जॉबर’ बहुधा घाऊक व्यापारी किंवा शेअरबाजारात स्वतःच्या खात्यावर खरेदी-विक्री करणारा असतो. मुंबईच्या गिरणीतला जॉबर माणसे कामावर घेई, साच्यांवर देखरेख ठेवी आणि पुष्कळदा दस्तुरीही उकळी.