उसनी मालकी

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी घरी आला. सातवीपर्यंत तो आमच्याकडे उर्दू माध्यमात शिकला, पुढे नाशिकला डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंग केले. हातात प्लास्टिकची फाइल होती. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एम.एस्सी.ला त्याला प्रवेश मिळाला होता. कॉलेजच्या प्राध्यापकांची पत्रे कधीच जाऊन पोहोचली होती. आता आपल्या समाजातल्या एका ट्रस्टकडे मदतीचा अर्ज करायचा होता आणि त्यासाठी शाळेतल्या शिक्षकाचे पत्र हवे होते. पत्र तो लिहूनच घेऊन आला होता, आम्ही फक्त सही करायची. हल्ली रीतच तशी आहे म्हणे.

पत्र चांगले होते. आमच्यापेक्षा त्याचे इंग्रजी चांगले, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही. शेवटचे वाक्य मात्र असे होते की, शिक्षण पूर्ण करून हा विद्यार्थी आपल्या गावी परत येईल आणि समाजाची सेवा करील, याची मला पूर्ण खात्री आहे.

आम्ही विचारले, "बेटा, तू परत येणार आहेस का?"

तो फरशीकडे पाहू लागला. मग म्हणाला, "सर, असं लिहावं लागतं."

त्या तीन शब्दांपाशी आम्ही अडखळलो ते अडखळलोच. ते वाक्य आम्ही खोडले. आम्हाला जे ठाऊक होते तेवढेच लिहिले. चौथीत असताना हा मुलगा शाळा सुटल्यावर मागे राहून दोन कच्च्या मुलांकडून पाढे पाठ करून घेत असे, हे लिहिले. तो पत्र घेऊन गेला, पण चेहरा थोडा उतरलेला होता.

आठवड्याने त्याचे अब्बा आले. त्यांचे गॅरेज आहे. द्राक्षबागेत फवारणी करणारे ब्लोअर आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतात. दिंडोरी तालुक्यात या कामाला मरण नाही, पण उधारी बागायतदाराचा माल विकला गेल्यावरच वसूल होते. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग मुद्दा निघाला. इंग्लंडच्या व्हिसासाठी राहिलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च, एवढी रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग 28 दिवस असावी लागते. थोडी जमली होती, थोडी साडूने दिली होती, तीन लाख कमी पडत होते.

"सर, फक्त 28 दिवस. 29व्या दिवशी तुमचे पैसे तुमच्या खात्यात. पैशाला हातसुद्धा लागणार नाही, फक्त दाखवायचे आहेत."

आमच्याकडे तीन लाख होते. आम्ही दोघांनी हजसाठी बाजूला टाकलेले ते पैसे होते. हे त्यांनाही माहीत असावे, लहान गावात काय लपते!

आम्ही त्यांना एक प्रश्न विचारला. समजा त्या 28 दिवसांत तुमच्या आईच्या ऑपरेशनला पैसे लागले, तर हे पैसे वापराल का? ते दचकले. कानाला हात लावून म्हणाले, "तोबा, तोबा! तुमच्या अमानतीला मी हात कसा लावीन?"

वाचकहो, आमच्या मते सारा पेच या उत्तरात आहे. हा माणूस खोटारडा नाही. दुसऱ्याची अमानत म्हणजे काय, हे तो आमच्यापेक्षा चांगले जाणतो. आजारी आईसाठीसुद्धा जो त्यातला एक रुपया हलवणार नाही, तोच माणूस एका दूरच्या कचेरीला त्याच पैशाबद्दल 'हे माझे आहेत' असे लिहून द्यायला तयार होता, आणि त्यात आपले काही चुकते आहे असे त्याला वाटत नव्हते. ओळखीच्या माणसाशी बोलायचे खरे वेगळे आणि अनोळखी कचेरीशी बोलायचे खरे वेगळे, असे आपण सगळ्यांनीच कधीतरी ठरवून टाकले आहे काय? ती कचेरी तर आपल्याला माणूस म्हणून ओळखतही नाही, मग तिचे आपण काय देणे लागतो?

या प्रश्नाला झटकून टाकणे सोपे नाही. नियमच असा आहे की बंगलेवाल्याला खरे बोलायला काही पडत नाही आणि गॅरेजवाल्याला खरे बोलण्यासाठी मुलाचे शिक्षण मोजावे लागते. सरकारी आधारही असाच हातातून निसटला. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे अभ्यासकाळातले व्याज केंद्र सरकार भरत असे, ती 'पढो परदेश' योजना 2022-23 पासून बंद झाली. व्याजाच्या भीतीने बँकेची पायरी न चढणाऱ्या आपल्या घरांना त्या योजनेने थोडा धीर दिला होता. राज्य सरकारने अलीकडे परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू केली खरी, पण जागा मोजक्याच. मग माणूस पाहुण्यारावळ्यांकडे हात पसरणार नाही तर काय करणार?

पण नियम करणाराही अगदीच वेडा नाही. परमुलखात मुलगा उघड्यावर पडू नये म्हणून तो पैसा पाहायचा असतो. 29व्या दिवशी आम्ही आमचे तीन लाख परत घेतले की ऑक्टोबरमध्ये, त्या थंडीत, खोलीभाडे कुठून येणार? शिकत असताना कॉलेज चालू असेल त्या दिवसांत आठवड्याला 20 तासांवर काम करायची तिथे मुभा नाही. म्हणजे खोटा कागद पाहणारा साहेब फसो वा न फसो, पहिला फसतो तो आपलाच मुलगा. जर्मनीने यावर वेगळा तोडगा काढला आहे. तिथे वर्षाचा खर्च, 2024 पासून 11,904 युरो, आधीच एका बांधलेल्या खात्यात भरावा लागतो आणि दरमहा ठरावीक रक्कमच त्यातून निघते. तिथे दाखवून परत घेणे जमत नाही. कठोर वाटते, पण त्यात खोट्याला जागा कमी आहे.

आमच्या तालुक्याला हा धडा द्राक्षांनी एकदा दिला आहे. 2010 मध्ये इथले कंटेनर युरोपात अडकले. इथल्या तपासणीचा कागद स्वच्छ होता, कारण जे क्लोरमेक्वॅट तिथे सापडले ते इथल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. कागद खरा होता, पण घडाच्या पोटात काय आहे ते त्याने सांगितले नाही. मुलाचा कागदही असाच निघाला तर?

त्या रात्री बुखारी शरीफच्या पहिल्याच हदीसची आठवण झाली. कृतीचे मोल नियतीवर ठरते, एवढा भाग आपल्या पोरासोरांनाही पाठ असतो. पण तिथे उदाहरण दिले आहे ते हिजरतीचे, वतन सोडून जाण्याचे, हे आपण विसरतो. जो ज्या हेतूने निघाला, त्याची हिजरत त्यासाठीच धरली जाते, असा त्याचा आशय. उलट इल्मसाठी चीनपर्यंत जा, ही हदीस आम्ही वर्षानुवर्षे शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतली, आणि तिची सनद कमजोर असल्याचे मुहद्दिसांनी केव्हाच सांगून ठेवले आहे! जायला सांगणारे वाक्य भिंतीवर, आणि कशासाठी जातोस असे विचारणारे वाक्य किताबात बंद. रंग पुन्हा द्यायची वेळ आली आहे, तेव्हा पाहू.

आता परत येण्याचे. अमेरिकेत 1952 च्या कायद्याने व्हिसा अधिकारी समोरचा प्रत्येक विद्यार्थी तिथेच राहायला आलेला आहे असे धरूनच चालतो, उलटे सिद्ध करायचे ते विद्यार्थ्याने. मुलाची अम्मीही तोच प्रश्न विचारते, आणि आम्ही शिक्षकही. पण अधिकाऱ्याला 'येईन' हवे असते, कारण त्याला तो मुलगा तिथे नको आहे. अम्मीला 'येईन' हवे असते, कारण तिला तो हवा आहे. आणि आम्हाला? खरे सांगायचे तर, आम्ही शिकवलेले कुठेतरी दिसावे म्हणून. यात मुलाच्या मनात काय आहे याला जागाच कुठे उरते? तो 'इन्शाअल्लाह' म्हणून सुटतो. तो पवित्र शब्द आपण 'बघू' या अर्थाने वापरू लागलो, हा आपलाच दोष.

परत येण्याचा वायदा करून गेलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. 1917 मध्ये ते परतले आणि वायद्याप्रमाणे बडोद्याला गेलेही. पण गावात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशांच्या सरायीत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली. त्या दिवशी आसऱ्यासाठी त्यांनी दोन मित्रांना विचारले, पण तेही उपयोगी पडले नाहीत. ही हकीकत त्यांनी पुढे स्वतःच लिहिली. ती ज्या आठवणींत आहे त्यांचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा', आणि हा व्हिसा परदेशाचा नव्हे!

या गोष्टीने आम्हाला निरुत्तर केले. शब्द पाळणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून उसने नाव घ्यावे लागले. ते खोटे त्यांचे की त्या शहराचे? आणि मग गॅरेजवाल्याच्या उसन्या मालकीकडे बोट दाखवणारे आम्ही कोण? फरक आहे, असे आम्ही मनाला समजावतो. सरायीतल्या त्या नावाने कोणाचे भाडे बुडले नाही, आणि त्यांनी ते नाव राजीखुशीने घेतले नव्हते. पण हा फरक आम्हाला पूर्ण पटतो असे म्हणवत नाही.

त्यात आमचा विद्यार्थी इंजिनिअरिंगला असताना नाशिकला खोली शोधत होता, ते आठवले. फोनवर खोली रिकामी असायची, नाव सांगितले की 'आत्ताच गेली'. एका आठवड्यात चार वेळा. त्याच मुलाला आम्ही विचारत होतो की, परत येणार का? करारात दोन बाजू असतात. येणाऱ्यासाठी आपण काय राखून ठेवले आहे, हे त्याला कोणी सांगितले का? अम्मीने त्याची खाट राखली आहे, एवढेच आम्हाला माहीत आहे.

घरात बोलणे निघाले. आम्ही म्हणालो, दाखवायला देणार नाही, पण कर्जे-हसना म्हणून देऊ. पैसे खरोखर त्यांचे होतील, हवे तसे वापरोत, जमेल तेव्हा फेडोत. मग कागदावर खोटे काही उरणार नाही. पत्नी म्हणाली, "दाखवायला दिले तर 29व्या दिवशी परत येतात. कर्ज दिलेत तर आपला हज किती वर्षं लांबला, याचा हिशेब केलात का? तुमची सच्चाई तुम्ही माझ्या हजवर करताय." तिचे चुकत होते असे आम्हाला आजही वाटत नाही. शेवटी तीनातले दोन द्यायचे ठरले, एक तिचा. अट तिनेच घातली, "लिखापढी करा. सूरे बकरात कर्ज लिहून ठेवायला सांगितलंय, तुम्ही मास्तर असून विसरता."

त्याच्या अब्बांना हे सांगितले तेव्हा ते गप्प झाले. उधार दाखवायला त्यांना संकोच नव्हता, उधार घ्यायला होता. चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी इशानंतर मुलासह आले, दोन साक्षीदार घेऊन. उरलेल्या एका लाखासाठी त्यांनी गॅरेजमधला जुना ट्रॅक्टर विकला होता. कागद मुलाने उर्दूत लिहिला होता. अक्षर अजून चौथीतल्यासारखेच, नून थोडा जास्त खोल.

परतफेडीच्या तारखेपाशी तो थांबला आणि आमच्याकडे पाहू लागला. "सर, इथं काय लिहू?"

आम्ही म्हणालो, तुला जे खरे वाटेल ते लिही. बराच वेळ पेन हातात धरून बसला. मग अब्बांना विचारून, गॅरेजची उधारी कधी वसूल होते त्याचा हिशेब करून, त्याने तीन वर्षांनंतरचा एप्रिल लिहिला, द्राक्षांचे पैसे येतात तो महिना. खाली स्वतःची सही केली, अब्बांची नव्हे.

सप्टेंबरमध्ये तो गेला. कागद पत्नीच्या कपाटात आहे.