लपण्याचा हक्क

जपानीत ‘कोई’ म्हणजे एक मासा. तोच उच्चार प्रेमालाही. निइगाता प्रांतातल्या डोंगरी खेड्यांत, एकोणिसाव्या शतकात, शेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या काळपट माशांतून निवडत निवडत हे रंग आणले, वरून पाहणाऱ्या माणसासाठी. पण तो रंग बगळ्यालाही दिसतो. म्हणून परसातल्या तळ्यात नवा किंवा घाबरलेला कोई कमळपानांखाली दडतो. मालक हिरमुसतो: पैसे मोजले, मासा दिसत नाही! काहीजण मग पानंच काढून टाकतात. माशाला पापण्या नसतात. डोळे मिटून घेण्याचीही सोय नाही. ज्याला आपण दिसण्यासाठीच घडवलं, त्याला न दिसण्याचा हक्क उरतो का? मला वाटतं, घडवणाऱ्यानेच तो आधी द्यायला हवा. पानं राहू द्यावीत, काठावर थांबावं. तो आपणहून वर आला, तरच त्याला भेट म्हणता येईल.